गोड बोलण्याचे धडे आणि जबाबदारीच्या पळवाटा

पोलिसांनी जनतेशी सौजन्याने वागावे, हा उपदेश आपल्या राज्यकर्त्यांना दर काही वर्षांनी आठवतो. एखाद्या ठाण्याच्या कोठडीत माणूस मरतो, गावात दगडफेक होते, विधिमंडळात गदारोळ उडतो, चौकशी जाहीर होते. आणि वातावरण निवळू लागले की प्रशिक्षण केंद्रांतून 'संभाषणकौशल्या'चे वर्ग भरवण्याचे फर्मान सुटते. व्याख्याते येतात. चेहरा हसतमुख कसा ठेवावा, समोरच्याचे म्हणणे मान डोलावून कसे ऐकावे, 'मी आपली काय सेवा करू' हे वाक्य कोणत्या पट्टीत उच्चारावे, याचे धडे नवशिक्या शिपायांना दिले जातात. त्याच केंद्रात दुसऱ्या तासाला कायद्याचा पाठ होतो. तेथे कलमे घोकली जातात. आणि पोलिसाच्या स्वतःच्या कायदेशीर उत्तरदायित्वाचा विषय निघालाच, तर 'कागद पक्का ठेवा' आणि 'आपल्यावर शेकू देऊ नका' या दोन सूत्रांत तो आटोपतो.

या दोन तासांमध्ये जी भिंत उभी आहे, तीच आमच्या मते पोलीस प्रशिक्षणाचा मूळ रोग आहे. बोलणे हा शिष्टाचाराचा भाग आणि उत्तरदायित्व हा कायद्याचा भाग, अशी वाटणी करून दोहोंचाही प्राण काढून घेतला गेला आहे. वस्तुतः आपल्या देशाच्या कायद्याने पोलिसाचे बोलणे, ऐकणे आणि लिहिणे यांनाच त्याच्या कर्तव्याचे स्वरूप दिले आहे. सांगायचे ते न सांगणे, ऐकायचे ते न ऐकणे, ऐकले ते तसेच न लिहिणे, हा उद्धटपणा तर आहेच. पण तो बेकायदेशीरपणाही आहे, आणि काही प्रसंगी तो तुरुंगवासास पात्र असा गुन्हा आहे. हे ज्या शिपायाला पहिल्या महिन्यात कळले नाही, त्याला स्मितहास्याचे शंभर धडे देऊनही काय उपयोग?

कायद्याने लादलेले बोलणे

भारतीय संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदाचे पहिलेच कलम घ्या. अटक झालेल्या माणसाला अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर कळवली पाहिजेत, असे ते सांगते. 'कळवणे' याचा अर्थ काय? कारणे इंग्रजीत टंकून कैद्याच्या हाती कागद ठेवला म्हणजे ती कळवली गेली का? हा प्रश्न महाराष्ट्राच्याच एका खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली हरिकिसन नावाच्या गृहस्थांना स्थानबद्ध केले. स्थानबद्धतेची कारणे त्यांना इंग्रजीत देण्यात आली. आपल्याला इंग्रजी समजत नाही, कारणे हिंदीत द्यावीत, अशी त्यांनी मागणी केली. राज्यकारभाराची भाषा इंग्रजी असल्याचे सांगून ती नाकारण्यात आली. न्यायालयाने ही स्थानबद्धता बेकायदेशीर ठरवून त्यांना मुक्त केले. ज्याला कारणे कळवायची त्याला ती समजलीच नाहीत, तर कळवण्याची क्रियाच पूर्ण होत नाही, असा त्या निर्णयाचा इत्यर्थ आहे.

या निर्णयाला साठ वर्षे उलटून गेली. मध्यंतरी १९९६ साली डी. के. बसू प्रकरणात न्यायालयाने अटकेसंबंधी अकरा नियम घालून दिले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव व हुद्दा स्पष्ट दिसावा, अटकेचा ज्ञापन-कागद साक्षीदारासमक्ष व्हावा, आप्ताला खबर जावी, वैद्यकीय तपासणी व्हावी, असे ते नियम होते. पुढे ते फौजदारी प्रक्रियेच्या संहितेतच समाविष्ट झाले आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहेत. तरीसुद्धा ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा एकदा, आणि पुन्हा महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात, बजावून सांगावे लागले की, गुन्हा कोणत्याही कायद्याखालचा असो, अटकेची कारणे लेखी द्या, आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्या. १९६२ आणि २०२५! एकाच राज्याला एकच धडा दोनदा शिकवावा लागतो, तेव्हा दोष विद्यार्थ्याच्या स्मरणशक्तीचा नसतो. तो धडा अभ्यासक्रमात मनापासून कधी घेतलाच गेला नाही, असे मानणे भाग पडते.

खबरीचेही तसेच आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर तोंडी दिली, तर ठाणे अंमलदाराने ती लिहून घ्यावी, खबर देणाऱ्याला वाचून दाखवावी, त्याची सही घ्यावी आणि एक प्रत विनामूल्य द्यावी, हा नियम जुनाच आहे. ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी घटनापीठाने अशी खबर नोंदवून घेणे बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले. त्याआधी त्याच वर्षी दंडसंहितेत नवे कलम घालून, स्त्रियांवरील विवक्षित गुन्ह्यांची खबर नोंदवण्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी ठेवण्यात आली; आजच्या न्याय संहितेत ती १९९व्या कलमात आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे चौथे कलम याहून स्पष्ट आहे. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात लोकसेवकाची कर्तव्ये एकेक करून नमूद झाली, आणि त्यांत तोंडी दिलेली खबर लिहून घेतल्यावर सही घेण्यापूर्वी ती खबर देणाऱ्याला वाचून दाखवणे, हेही एक कर्तव्य आहे. यांत जाणूनबुजून कसूर केली तर सहा महिने ते एक वर्ष कैद. म्हणजे दलित किंवा आदिवासी फिर्यादीला तिचेच शब्द वाचून न दाखवणे हा या देशात शिक्षापात्र गुन्हा आहे! संभाषणाच्या वर्गात हे कलम फळ्यावर लिहिले जाते का? की ते कायद्याच्या तासाचे म्हणून तिकडे ढकलले जाते, आणि तिकडे ते परीक्षेत येत नाही म्हणून वगळले जाते?

'वाचून पाहिला, माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे'

आपल्या पोलीस ठाण्यांत लिहिल्या जाणाऱ्या जबाबांची एक ठरीव भाषा आहे. ज्यांचा कोर्टकचेऱ्यांशी संबंध आला आहे, त्यांना ती पाठ असते. 'मी समक्ष हजर राहून जबाब लिहून देतो की, मी वरील ठिकाणी राहण्यास असून मोलमजुरी करून उपजीविका करतो' अशी तिची सुरुवात, आणि 'माझा जबाब मी वाचून पाहिला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे' असा तिचा शेवट. मधल्या मजकुरात फिर्यादीचा शब्द शोधून सापडत नाही. धारणीकडची कोरकू बाई असो, धडगावचा भिल्ल असो, भामरागडचा माडिया असो वा मुंबईच्या पुलाखाली राहणारा बिहारी मजूर असो, सगळे एकाच सरकारी मराठीत बोलतात. आणि ज्या बाईला अक्षरओळख नाही तिचाही अंगठा 'मी वाचून पाहिला' या वाक्याखालीच उमटतो. कायद्याने जेथे वाचून दाखवण्याचे कर्तव्य पोलिसावर टाकले, तेथे वाचून पाहिल्याचे असत्य फिर्यादीच्या तोंडी घालून ते कर्तव्य कागदावरून पुसून टाकले जाते.

याचा परिणाम पुढे न्यायालयात दिसतो. उलटतपासणीत वकील फिर्यादीला तिच्याच कथित शब्दांत पकडतो. ती सांगते, 'मी असं बोलले नव्हते.' झाले, साक्षीत विसंगती आली, संशयाचा फायदा आरोपीला मिळाला! खटला फिर्यादीच्या खोटेपणामुळे पडला असे लोक म्हणतात. त्याचा पाया पहिल्या रात्री, ठाण्यातल्या मेजावर, एका न ऐकणाऱ्या कानाने आणि घाईच्या लेखणीने आधीच खणून काढलेला असतो, हे कोणी पाहत नाही.

आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर अदखलपात्र म्हणून वहीत टाकून फिर्यादीला वाटेला लावण्याची रीत तर प्रत्येक गरिबाला ठाऊक आहे. कागदाची एक चिठ्ठी मिळते. तक्रार घेतली गेली असे त्याला वाटते. तपास मात्र कधीच सुरू होत नाही. ठाण्याच्या आकड्यांत गुन्हेगारी घटलेली दिसते, वरिष्ठ संतुष्ट होतात. हे अत्यंत कुशल संभाषण आहे, यात शंका नाही. नम्र शब्दांत न्याय नाकारण्याचे कौशल्य आपण शिपायाला शिकवणार असू, तर त्यापेक्षा त्याचा पूर्वीचा उद्धटपणा बरा; निदान त्याने माणूस फसत तरी नव्हता.

ठाण्यातल्या मौनाचा अर्थ कसा लावला जातो, याचे महाराष्ट्राने पाहिलेले उदाहरण तर विसरता येण्याजोगे नाही. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात तक्रारीच्या निमित्ताने आणलेल्या एका अनाथ आदिवासी मजूर मुलीवर तेथल्याच पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. उच्च न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली त्यांना सोडून दिले. तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नव्हता, हे त्या निर्णयाचे प्रमुख आधार होते. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या अध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून विचारले, की वर्दीच्या दडपणाखाली गप्प राहणे म्हणजे संमती काय? त्या पत्रातून देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातील बलात्कार हा स्वतंत्र, अधिक कठोर शिक्षेचा गुन्हा झाला, आणि संमतीचा प्रश्न आल्यास स्त्रीच्या सांगण्यावर विश्वास ठेवणारे गृहीतक पुराव्याच्या कायद्यात आले. वर्दी ही स्वतःच एक भाषा आहे, ती तोंड न उघडताही बोलते आणि समोरच्याचे तोंड बंद करते, हा त्या लढ्याचा धडा. संभाषणाच्या कोणत्याही अभ्यासक्रमाचा पहिला पाठ हाच असायला हवा.

उत्तरदायित्व कोणाचे, आणि किंमत कोणाची?

आता दुसऱ्या तासाकडे वळू. पोलिसाचे कायदेशीर उत्तरदायित्व हा आपल्याकडे संरक्षणाचा विषय म्हणून वाढला, याला इतिहास आहे. १८५७ च्या उठावानंतर चारच वर्षांनी, १८६१ साली, साम्राज्य सरकारने पोलीस कायदा केला. लोकांना उत्तर देणारे दल उभारण्याची त्याची इच्छा नव्हती. सत्तेला उत्तर देणारे दल त्याला हवे होते. गंमत अशी की, त्याच राज्यकर्त्यांचा आपल्या पोलिसांवर तिळमात्र विश्वास नव्हता. मद्रास इलाख्यात सरकारी नोकर रयतेचा छळ करतात, हे १८५५ सालच्या चौकशीने त्यांच्यापुढे मांडले होते. म्हणून पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात घ्यायचा नाही, असा नियम त्यांनी १८६१ च्याच फौजदारी संहितेत घातला, आणि १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात तो कायम झाला. आज नवा साक्ष अधिनियम आला, तरी हा अविश्वास जसाच्या तसा आहे. पोलिसाला अधिकार पूर्ण द्यायचा, विश्वास शून्य ठेवायचा आणि त्याने चूक केली तर त्याला पाठीशी घालायचे, असे हे वारसाहक्काने आलेले त्रैराशिक आहे.

पाठीशी घालण्याची साधने अनेक. लोकसेवकावर कर्तव्याच्या ओघात केलेल्या कृत्याबद्दल खटला भरायला सरकारची पूर्वपरवानगी लागते. ती वर्षानुवर्षे धूळ खात पडत असे. नव्या संहितेत एकशेवीस दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद आली, एवढे श्रेय तिला दिले पाहिजे. परंतु आपल्या राज्याच्या १९५१ च्या पोलीस कायद्यातील १६१वे कलम पाहा. पदाच्या आडोशाने केलेल्या कृत्याबद्दल दावा वा फिर्याद सहा महिन्यांच्या आत दाखल झाली पाहिजे, असा त्याचा दंडक आहे. खटल्यासाठी दोन वर्षांपर्यंतची सवलत आहे, पण तीही सरकारच्या मंजुरीने. ज्याचे हातपाय मोडले, ज्याच्या घरात अद्याप पोलीस येऊन धमकावून जातात, त्या भूमिहीनाने सहा महिन्यांत वकील शोधून न्यायालय गाठावे!

नुकसानभरपाईचा इतिहास याहून बोलका आहे. सप्टेंबर १९४७ मध्ये मीरतला पोलिसांनी अमृतसरच्या एका सराफी पेढीच्या भागीदाराला संशयावरून पकडले, त्याच्याजवळचे शंभर तोळ्यांहून अधिक सोने मालखान्यात ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी त्याला सोडून दिले. सोने मात्र परत मिळाले नाही. मालखान्याचा हवालदारच ते घेऊन पाकिस्तानात पळाला. पोलिसांचा हलगर्जीपणा सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला, तरी अटक व जप्ती ही राज्याची सार्वभौम कार्ये असल्यामुळे सरकार भरपाईला बांधलेले नाही, असा निकाल कस्तुरीलाल प्रकरणात दिला. आणि यासंबंधी कायदा करण्याची गरज न्यायालयानेच सुचवली. १९६५ आणि १९६७ मध्ये विधेयके संसदेत आली, आली तशी विरून गेली. पुढे मार्ग काढला तो न्यायालयांनीच. निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षे बिहारच्या तुरुंगात खितपत पडलेल्या रुदुल शाहला १९८३ मध्ये पस्तीस हजार रुपये मिळाले. ओरिसात पोलीस ताब्यातून रेल्वेरुळावर प्रेत होऊन बाहेर आलेल्या बावीस वर्षांच्या तरुणाच्या मातेला, नीलाबती बेहेरांना, १९९३ मध्ये दीड लाख मिळाले. आणि मूलभूत हक्कांच्या भंगापुढे सार्वभौमत्वाची ढाल चालणार नाही, हे तत्त्व प्रस्थापित झाले.

पण हे पैसे आले कोठून? सरकारी तिजोरीतून, म्हणजे मीठमिरचीवर कर भरणाऱ्या त्याच श्रमिकांच्या खिशातून, ज्यांची मुले कोठडीत मरतात. दोषी अधिकाऱ्याकडून वसुली करण्याची मुभा न्यायालये देतात, सरकारे ती क्वचितच वापरतात. मग उत्तरदायित्वाचा धडा शिपायाने कोठून घ्यावा? डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर उसळलेल्या आंदोलनात पकडलेला कायद्याचा एक विद्यार्थी कोठडीत मरण पावला. पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदला जावा, एवढ्यासाठी त्याच्या मातेला उच्च न्यायालयात जावे लागले. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने तसा आदेश दिला, तेव्हा सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथेही हरले. ज्या राज्यात साधी खबर नोंदवून घ्यायला उच्च न्यायालयाचा आदेश लागतो, त्या राज्याने आपल्या शिपायांना 'ऐकून घेण्याचे कौशल्य' शिकवावे, हा विनोद क्रूर आहे.

शिपायाशी कोण कसे बोलते?

एवढे सारे म्हटल्यावर सगळा दोष शिपायावर टाकून मोकळे होणे सोपे आहे. आम्ही ते करणार नाही. ठाण्यात येणाऱ्या गरिबाला 'काय रे' म्हणणारा शिपाई स्वतः दिवसभर 'काय रे' ऐकत असतो. कवायतीच्या मैदानावर ज्या भाषेत त्याचा उद्धार होतो, साहेबाच्या बंगल्यावरच्या कामाला जुंपताना ज्या भाषेत त्याला हुकूम सुटतो, सणाला रजा मागितल्यावर जे उत्तर त्याच्या तोंडावर फेकले जाते, तीच भाषा तो पुढच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला देतो. अरे-तुरेची ही उतरंड वरून खाली येते. तळाला पारधी असतो, फेरीवाला असतो, वेश्यावस्तीतली बाई असते. वरच्या पायऱ्यांना हात न लावता तळाच्या पायरीला गोडवा फासण्याचा उद्योग म्हणजे संभाषणकौशल्याचा वर्ग.

शिपाई हा शेतकऱ्याचा, शेतमजुराचा, गिरणी कामगाराचा मुलगा आहे. त्याला संघटनेचा हक्क नाही. १९६६ च्या कायद्याने त्याच्या संघटनस्वातंत्र्यावर निर्बंध घातले आहेत. आपले गाऱ्हाणे सामुदायिकपणे बोलून दाखवण्याची त्याची भाषाच काढून घेतली गेली आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईचे पोलीस रस्त्यावर आले, तेव्हा सरकारने लष्कर बोलावले आणि त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली. कामाचे तास आठ असावेत, ही कामगारवर्गाने शतकापूर्वी जिंकलेली मागणी. मुंबईच्या ठाण्यांत तिचा प्रयोग सुरू व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. बारा-चौदा तास बंदोबस्तात उभा राहिलेला माणूस रात्री दहा वाजता आलेल्या फिर्यादीचे शांतपणे ऐकेल, ही अपेक्षा करणाऱ्यांनी स्वतः एक दिवस ती नोकरी करून पाहावी.

हे सर्व राज्यकर्त्यांना ठाऊक नाही असे नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक प्रा. मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखालील पोलीस प्रशिक्षण समितीने १९७३ सालीच अहवाल दिला. शिपायापासून वरिष्ठांपर्यंत साऱ्यांच्या शिक्षणाचा विचार तिने केला, आणि कवायतीच्या पलीकडे समाज, कायदा आणि मानवी वर्तन यांची जाण हा प्रशिक्षणाचा गाभा मानला. १९७७ ते १९८१ या काळात धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने आठ अहवाल दिले. होणाऱ्या अटकांपैकी सुमारे साठ टक्के अनावश्यक वा असमर्थनीय असतात, असे त्यातल्या तिसऱ्या अहवालात नमूद आहे. २००६ मध्ये प्रकाश सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तक्रार प्राधिकरणासह सात आदेश दिले. अहवालांचा दुष्काळ या देशात कधीच नव्हता. दुष्काळ आहे तो, ज्याच्या हाती दंडुका दिला त्याला स्वतःला प्रश्न विचारण्याची मुभा देण्याच्या इच्छेचा.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप ठरलेला: उत्तरदायित्वाचा बागुलबुवा दाखवला तर पोलिसांचे मनोधैर्य खचेल. आम्ही विचारतो, शल्यविशारदाला कायद्याने जबाबदार धरले म्हणून शस्त्रक्रिया थांबल्या का? मनोधैर्य खचते ते बेकायदेशीर हुकूम तोंडी देऊन, प्रकरण अंगाशी आल्यावर हात झटकणाऱ्या वरिष्ठांमुळे. निलंबित होतो तो शिपाई किंवा फार तर फौजदार. हुकूम देणाऱ्याची बदली होते, बहुधा बढतीवर. वरिष्ठाचा हुकूम हा बचाव कायद्याला मान्य होतो, तो हुकूम कायद्याला धरून असेल तरच. हे शिपायाला नीट शिकवले, तर 'साहेब, लेखी द्या' एवढे तीन शब्द उच्चारण्याचे बळ त्याला येईल. त्या तीन शब्दांइतके उपयुक्त संभाषणकौशल्य दुसरे नाही.

दुसरा आक्षेप: गुन्हेगाराला गोड भाषा कळत नाही. गोड भाषेची मागणी कोणी केली आहे? मागणी आहे ती खऱ्या, स्पष्ट आणि कायदेशीर भाषेची. मारून काढलेला कबुलीजबाब गेली दीडशेहून अधिक वर्षे न्यायालयात टिकत नाही. तरीही मारहाण चालते, कारण आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर तेवढा भाग पुराव्यात येतो, ही फट कायद्यात आहे. आणि कारण शास्त्रीय तपास करायला वेळ, साधने व शिक्षण लागते, पट्टा मारायला काहीच लागत नाही. हा तपास नव्हे, आळस आहे. आणि त्या आळसापायी खरा गुन्हेगार अनेकदा मोकळा राहतो.

तिसरा आक्षेप आपल्याच गोटातून येतो, म्हणून त्याचे उत्तर अधिक काळजीने दिले पाहिजे. पोलीस हे सत्ताधारी वर्गाच्या हातचे हत्यार आहे, ते कितीही पाजळले वा बोथट केले तरी हत्यारच राहणार. मग प्रशिक्षणाची चर्चा कशाला, असे काही मित्र विचारतात. युक्तिवाद रुबाबदार आहे. परंतु आज रात्री ठाण्याच्या पायरीवर उभ्या असलेल्या बाईला तो काय देतो? कारणे कळण्याचा हक्क, प्रत मिळण्याचा हक्क, वकिलाला भेटण्याचा हक्क, हे राज्यकर्त्यांनी दिलेले दान नव्हे. कोणाच्या तरी तुरुंगवासातून, कोणाच्या तरी आईच्या अर्जातून, रस्त्यावरच्या मोर्चातून ते एकेक करून मिळवलेले आहेत. जिंकलेली जमीन कसायची नाही, असे म्हणणारा शेतकरी क्रांतिकारक ठरत नाही. शिवाय ज्याच्या अंगावर वर्दी चढवली आहे तो आपल्याच घरातला आहे. त्याला कायद्याची आणि माणसाची भाषा शिकवणे हे सत्तेला सोयीचे असते, तर तिने ते केव्हाच केले असते.

काय केले पाहिजे

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रशिक्षण केंद्रांत कायदा व संभाषण यांची एकच प्रश्नपत्रिका असावी, आणि ती प्रात्यक्षिकाची असावी. प्रशिक्षणार्थ्यासमोर निरक्षर फिर्यादी बसवावी. तिची खबर त्याने तिच्या शब्दांत लिहावी, तिला वाचून दाखवावी, आणि ती बरोबर आहे की नाही हे परीक्षकाने तिला विचारावे. यात जो नापास, तो कवायतीत पहिला आला तरी नापासच. अटक करताना कारणे समजावून सांगण्याची परीक्षाही अशीच व्हावी. गडचिरोलीला जाणाऱ्याला गोंडी-माडिया, मेळघाटात जाणाऱ्याला कोरकू, नंदुरबारला जाणाऱ्याला भिली कामापुरती आलीच पाहिजे. आणि प्रत्येक ठाण्याच्या यादीत वेतन मिळणारे दुभाषे असले पाहिजेत. 'वाचून पाहिला' हा छापील खोटेपणा जबाबांतून हद्दपार करून, कोणी, कोणत्या भाषेत वाचून दाखवला याची नोंद सक्तीची करावी.

उत्तरदायित्व तळाला न साचता वर चढले पाहिजे. तोंडी हुकमाची नोंद ठाण्याच्या दैनंदिनीत करण्याचा हक्क शिपायाला असावा, आणि ती केल्याबद्दल त्याला शिक्षा होता कामा नये. भरपाईची रक्कम चौकशीअंती दोषी ठरलेल्याकडून, हुकूम देणाऱ्यासह, वसूल व्हावी. १६१व्या कलमातील सहा महिन्यांचा फास काढून टाकावा. ताब्यातील माणसाला इजा झाली तर ती पोलिसांनीच केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, ही शिफारस विधी आयोगाने १९८५ मध्ये आपल्या ११३व्या अहवालात केली होती. २०२३ मध्ये पुराव्याचा नवा कायदा लिहिताना तिला जागा मिळाली नाही, ती मिळाली पाहिजे. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही करून भारताने तो अद्याप मंजूर केलेला नाही. ही लाजिरवाणी स्थिती संपवावी. आणि शिपायाला कामाचे तास, साप्ताहिक सुटी व गाऱ्हाणे मांडण्याचे सन्मान्य व्यासपीठ द्यावे. कारण ज्याला बोलू दिले जात नाही, तो दुसऱ्याचे ऐकायला शिकत नाही.

महाराष्ट्र पोलिसांच्या बोधचिन्हावर सज्जनांच्या रक्षणाचे आणि दुर्जनांच्या निग्रहाचे वचन कोरलेले आहे. ठाण्याची पायरी चढणाऱ्या माणसाच्या कपाळावर मात्र तो सज्जन की दुर्जन हे कोरलेले नसते. ते ठरवण्याचा अधिकार शिपायाला कायद्याने दिलेला नाही. त्याचे ऐकण्याचे, ऐकले ते लिहिण्याचे आणि लिहिले ते वाचून दाखवण्याचे बंधन मात्र त्याच्यावर घातले आहे. सरकारने सौजन्य सप्ताह खुशाल साजरे करावेत. आपण जनसंघटनांनी प्रत्येक गावात, प्रत्येक वस्तीत एवढेच शिकवावे, की सही करण्यापूर्वी 'वाचून दाखवा' म्हणा, आणि निघताना प्रत मागा. पोलिसाच्या शिक्षणातला जो भाग सरकारने वगळला आहे, तो जनतेने आपल्या प्रश्नांनी पुरा करायचा आहे.